वांगीकर बाईंची झुलपं

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या शाळेतली पोरं खिचडीच्या रांगेकडे पळत आणि वांगीकर बाई नळाकडे. गळ्याभोवती जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळायचा, वेणी मागे टाकायची, कमरेत वाकायचं आणि डोक्यावरचे फक्त पुढचे, भुवयांपर्यंत कापलेले केस तेवढे धुवायचे. शाम्पूचा थेंब पाण्यात कालवून भरलेली एक बुटकी बाटली त्यांच्या पर्समध्ये कायम असे. तांब्याभर पाण्यात सगळं उरकायचं. मग त्याच फडक्यानं केस टिपायचे, बोटं न लावता कंगवा फिरवायचा आणि मान झटकून बाई डबा खायला हजर.

मी त्या शाळेत बदलून आलो त्या दिवशी हे बघितलं, आणि पोरांनी बाईंच्या डोक्यात काहीतरी टाकलं असावं असं वाटून धावत गेलो. "काय पडलं हो बाई?" बाईंनी वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "पडलं काही नाही, तेल आलंय. माझं कपाळ आणि परभणीचं ऊन, दोघं मिळून घाणा चालवतात." मग त्या सरळ उभ्या राहिल्या, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही." खरंच होतं ते. माझं कपाळ मागं सरकत सरकत तेव्हाच टाळूपर्यंत पोचलं होतं.

बाई गणित शिकवत. परभणीहून पॅसेंजरनं पिंगळीला उतरायच्या आणि तिथून ऑटोनं शाळेत यायच्या. गाडी उशिरा आली की तिला वर्गातल्या पोरासारखं बोलत. "आजही उशीर. हिच्या पालकांना बोलवायला पाहिजे." पेरू दिसला की त्यांना धीर निघत नसे. कुणाच्याही डब्यातलं लोणचं त्या न विचारता घेत आणि वर "मीठ कमी पडलंय" असंही सांगत. वर्गात कुणी गणित अडलं म्हणून केसांत बोटं घातली की एकच शब्द येई, "हात!" त्याचं कारणही त्यांनी एकदा फळ्यावर खडू आपटून सांगितलं होतं. "हातावरचं केसाला लागतं, केसावरचं कपाळाला. गणिताला डोकं लागतं, डोक्याला हात लागत नाही."

पन्नाशीच्या बाईनं कपाळावर झुलपं ठेवावीत हे गावाच्या पचनी पडणारं नव्हतं. ओट्यावरच्या बायका त्यांना पाठीमागं 'झिपरीवाल्या बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. "नाव ठेवलंय, पण लक्ष ठेवून आहेत," असं म्हणून त्या हसत.

आमच्या मुख्याध्यापकांचा भरवसा मात्र तेलावर. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चोपडून लावलेलं तेल, हे मुलींच्या डोक्याचं त्यांचं ठरलेलं मोजमाप. प्रार्थनेच्या वेळी ओसरीवर तेलाची बाटली ठेवलेली असे, आणि कुणाचं डोकं कोरडं दिसलं की तिच्या टाळूवर पसाभर तेल पडे. आयाही खूश होत्या. घरी राहिलं तर शाळेत लागायचं.

नववीत सारिका नावाची एक मुलगी होती. घरची मेंढरं होती. पावसाळा सोडला तर बाप कळप घेऊन बाहेर, आई घरी शेळ्या सांभाळायची. सारिका अगदी तान्ही असताना आजारी पडली, तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून आईनं तिच्या कपाळाला बिब्ब्याचं तेल टेकवलं होतं. ते उतलं, फोड आले, आणि कपाळाच्या मधोमध काळपट, चुरगळलेला डाग कायमचा राहिला. मोबाईलवर कुठल्याशा मुलीची झुलपं बघून सारिकानं एका रविवारी मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीनं आपले पुढचे केस कापले. सोमवारी शाळेत आली तेव्हा एक बाजू भुवईवर आणि दुसरी पार वर होती. वर्ग हसला. बाईंनी मात्र तिला नळामागं नेलं, कार्यानुभवाच्या पेटीतली कात्री आणली आणि म्हणाल्या, "कातर मेंढ्यांची, नखरा तुझा. उभी राहा, सरळ करते."

सरळ झाली, पण टिकेना. घरचं तेल आणि शाळेचं तेल एक होऊन दुसऱ्या तासापर्यंत झुलपांच्या वाती वळायच्या आणि त्यांच्या फटीतून डाग दिसायचा. तो दिसला की सारिका बोटांनी केस ओढून जागेवर आणायची, की ते अजून चिकटायचे. कुणीतरी तिला सांगितलं की पावडरनं तेल जातं. दुसऱ्या दिवशी पोरगी अर्धा डबा पावडर लावून आली. मागच्या बाकावरून आवाज आला, "पिठाची गिरणी आली." त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. बापाबरोबर कळपावर जाणार, शाळा बंद, असं कळलं. मला फार वाईट वाटलं, कारण अशी गेलेली पोरगी परत बाकावर बसलेली मी क्वचितच बघितली आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या. "हळू चालवा, धूळ बसते," असं वाटभर सांगत होत्या. सारिकाची आई शेळ्यांना पाला टाकत होती. आम्हाला बघून तिनं घाईघाईनं घोंगडी अंथरली.

"तिला यायचंच न्हाई म्हनायलीय बाई," ती म्हणाली. "समदे हासत्यात म्हनती. मी रोज चप्प तेल लावून धाडायले. त्यो डाग माज्या हातानं पडलाय, तवा केसाला तरी हयगय करीत न्हाई मी."

हे ऐकून मी न राहवून शहाणपण शिकवायला गेलो. दारात उभ्या सारिकाला म्हणालो, "अगं, डागाचं काय एवढं? उघडं ठेव कपाळ. ज्याला बघायचं तो बघेल."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, कपाळ तिचं आहे. तिला झाकायचंय तर झाकू द्या. आपण केस तेवढे सांभाळू."

मग त्यांनी सारिकाला दगडावर बसवलं, कंगव्याच्या टोकानं पुढचे केस वेगळे काढले, पिळून चिमटा लावला आणि आईच्या हातात तेलाची बाटली दिली. "आता लावा पाहिजे तेवढं. मागं तेल, पुढं पाणी. सकाळी एवढेच केस धुवायचे, साबणाचा फेस राहू द्यायचा नाही. झोपताना चिमटा लावून वर बांधायचे, म्हणजे रात्रभर कपाळाला घासत नाहीत." आई जपून तेल लावत होती, चिमट्याच्या अलीकडे बोट येऊ न देता. पावडरीचंही बाईंनी सोडलं नाही. "पावडर वाईट नाही. चिमूटभर मुळाशी लावायची आणि विंचरून काढून टाकायची. तू भाकरीला पीठ लावल्यासारखी घेतलीस. शाळेत यायच्या आधी काय करतेस गं?"

"मेंढरं सोडते. कोकरं धरते."

"आणि त्याच हातांनी झुलपं ओढतेस. मेंढीच्या लोकरीलाही तेल असतं, बाळ. हात धुवायचे, आणि मग त्यांना केसांकडे जाऊ द्यायचं नाही."

सारिकानं बाईंच्या झुलपांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमच्याबी कपाळाला हाय का?"

बाई उठल्या, साडी झटकली. "शाळेत ये. ही शाळा सोडून जायच्या आधी सांगेन कधीतरी."

बाईंच्या कपाळावर काहीतरी आहे, हे सारिका त्या एका वाक्यावरून धरून चालली. खरं सांगायचं तर मीही धरून चाललो. सोमवारी ती आली. ओसरीवर बाटली तयारच होती. मुख्याध्यापकांनी सारिकाचे पुढचे कोरडे केस बघून झाकण उघडलं, तशा वांगीकर बाई मुलींच्या रांगेत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मागं लावा. पुढं लावणार असाल तर आधी मला लावा. माझेही कोरडेच आहेत." मुख्याध्यापकांनी एकदा बाईंकडे, एकदा साऱ्या शाळेकडे बघितलं आणि झाकण लावलं. पुढं ती बाटली कपाटात गेली ती गेलीच.

मधल्या सुट्टीत नळावर आता दोघी वाकलेल्या दिसू लागल्या, आणि दिवाळीनंतर तर सहा-सात जणी. हात मात्र ऐकत नव्हता. तास चालू असतानाही सारिकाचा हात कपाळाकडे जायचाच. शेवटी बाईंनी खेळाच्या सरांना गाठलं. "हिला लेझीम द्या. पुढच्या रांगेत. रिकामा हात वर जातो, दोन्ही गुंतवून टाका." सव्वीस जानेवारीला सारं गाव मैदानाभोवती जमलं होतं. हलगी तापली, पोरी घामाघूम झाल्या, आणि सारिकाची झुलपं कपाळाला चिकटून बाजूला झाली. डाग सगळ्यांसमोर उघडा पडला. तिच्या हातातली लेझीम अर्धवट वर आली. पण ठेका चुकला असता, म्हणून हात परत खाली आले, आणि शेवटच्या थापेपर्यंत ती नाचली. झाल्यावर ती घराकडे पळाली नाही, नळावर गेली. तिची आई गर्दीतून तिथं पोचली तेव्हा पोरगी केस टिपत होती. "लय घाम आल्ता," एवढंच म्हणाली.

उन्हाळ्यात बाईंची पाथरीकडच्या एका शाळेत बदली झाली. सारिका तोवर नववी पास होऊन दहावीत गेली होती आणि कळपावर बापाबरोबर चुलतभाऊ जात होता. निरोपाला मुलींनी पेरू आणायचं ठरवलं होतं, पण पेरूचा हंगाम नव्हता, म्हणून आंबे आणले. भाषणं झाली. सगळं आटोपल्यावर बाई पर्स आवरत होत्या, तेव्हा सारिका पुढं आली.

"बाई, जायच्या आधी सांगते म्हनला होता."

बाईंना लगेच कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी आपली झुलपं वर उचलून धरली. मुली पुढं झुकल्या. मीही झुकलो. कपाळ स्वच्छ, गुळगुळीत होतं. साधा तीळसुद्धा नव्हता.

"कायबी न्हाई की," सारिका म्हणाली.

"काहीच नाही."

"मग रोज येवढा खटाटोप कामून केला बाई? गाव नावं ठेवायलं तरी?"

"मला आवडतं म्हणून," बाई म्हणाल्या.

मला धास्ती वाटली. बाईंच्याही कपाळाला काहीतरी आहे, या आधारावर ही मुलगी परत आली होती आणि आता तो आधारच निघून गेला. सारिका बाईंच्या त्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. मग ती भिंतीवरच्या आरशासमोर गेली. तिनं आपले केस वर केले, स्वतःचा डाग सगळ्यांदेखत नीट बघितला, आणि केस पुन्हा खाली सोडून कंगवा फिरवला.

"मलाबी आवडत्यात," ती म्हणाली.