मच्छी मागच्या दाराला

“मच्छी मागच्या दाराला!”

दार अर्धंच उघडून साहेब एवढंच बोलला. अंधेरीतल्या एका शाळेचा वर्ग. आत बाकांवर पाच-सहा पुरुष, वर पंखा, टेबलावर चहाची किटली. बाहेर पायरीवर मी आणि माझा नवरा. त्याने लग्नातला सदरा घातला होता. हातात ताज्या पापलेटची जोडी, केळीच्या पानात बांधलेली.

विकायला नव्हती हो आणली! आम्ही कोळी. कोणाच्या दारी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जात नाही. मढहून निघताना त्यानेच निवडून घेतली. म्हणाला, “आपल्याला बरं करणार ती माणसं. चांगली मोठी घे गो.”

दारू सोडणाऱ्यांची ती बैठक. ती कुठे भरते हे शोधायला मला कित्येक महिने लागले. मी अंधेरीत बिल्डिंगी-बिल्डिंगीत मासळी विकायची. एका गिऱ्हाईक बाईचा नवरा प्यायचा, तो दारूतून सुटला. कसा, ते ती सांगेना. लाज! शेवटी एकदा जिन्यात कुजबुजली, “शाळेत जमतात, शनिवारी. पिणारेच पिणाऱ्याला सावरतात. माझं नाव नको हं घेऊ.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जाळं सांधत होता. हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, “येतो.” मला रडूच फुटलं. त्या दिवसापासून शनिवारपर्यंत त्याने थेंब घेतला नाही. हात थरथरायचे, घामाने अंथरूण भिजायचं. पण नाही घेतली.

त्या दारात तो म्हणाला, “साहेब, मी बैठकीला आलोय. मला सोडायचीय.”

साहेबाने त्याला वरून खाली पाहिलं. “इथे चांगल्या घरातले लोक येतात. आणि तुमच्याच वस्तीतली हातभट्टी पिऊन आमची वाट लागली. आधी ती बंद करा, मग या.”

आतून कोणीतरी हसलं. एक जण तरी उठेल, असं मला वाटलं होतं. नाही उठला.

माझ्या नवऱ्याने जन्मात भट्टी लावली नव्हती. दर्यावर जायचा, बस्स. पण तो नुसता वाकला. पापलेटची जोडी त्याने पायरीवर ठेवली. मी तोंड उघडणार, तर माझा हात धरून ओढायला लागला. “चल गो. आपलं नाय हे.”

वर्सोव्याच्या तरीपाशी मला म्हणाला, “तू हो पुढे.” घरी आला तो पिऊनच. पुन्हा कधी सोडायचं नाव काढलं नाही. पुढच्या होळीआधी गेला. पोट फुगलेलं, डोळे पिवळेजर्द. माझा धडधाकट माणूस, खांद्यावर घेताना कोणाला जड लागला नाही.

दहाव्याला पान वाढलं. गेलेल्याला आवडायचं ते ठेवायची रीत. दिराने पानाशेजारी दारूचा ग्लास ठेवला. मी तो उचलला आणि वाळूत ओतला.

“अगो, काय करतेस! त्याचा जीव तळमळेल!”

“जिवंतपणी तळमळला, तेव्हा कुठे होतात रे सगळे?”

मी पानावर पापलेटची जोडी ठेवली.

दहाव्यानंतरच्या शनिवारी शाळेत गेले. पुढच्या दाराने. कोणाला न विचारता बाकावर बसले. तोच साहेब उठला. “ए बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना—”

“नवरा मेला माझा,” मी म्हणाले. “तुम्ही इथे काय करता ते बघायला आलेय. शिकूनच जाणार. हाकलायचं तर हात धरून हाकला.”

कोणी हात लावला नाही. मग एकेक जण उठला, बोलला, रडला. माझा नवरा पहाटे रडायचा अगदी तस्सेच रडत होते, मेले. एवढंच होतं त्या दारामागे. एवढंच त्याला हवं होतं.

आता शनिवारी मढात माझ्या अंगणात बैठक भरते, जाळी सुकतात तिथे. माझा दीर येतो. भट्टी लावणाराही येतो. अंगणाला दार नाही. उद्या तो साहेब पुन्हा पिऊन इथे आला, तर त्यालाही सगळ्यांच्या शेजारी बसवीन. चहा देईन. त्याचं ऐकून घेईन.

माफ करणार नाही.