खंडेनवमीची माळ आणि नवीन मॅडम

कारखान्यात मला सगळे ताई म्हणतात. नवी इंजिनिअर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला मॅडम म्हणायला लागले. रोबोट पहिल्यांदा मी चालवला, पण मॅडम ती. तिथूनच माझं पोट दुखायला लागलं.

आमचा कारखाना गोकुळ शिरगावकडचा, पाण्याचे पंप जोडायचा. रोबोट शाफ्ट, म्हणजे पंपाचा दांडा, उचलतो आणि पंपाच्या बॉडीतल्या बेअरिंगच्या भोकात बसवतो. मी त्याला जागा शिकवल्या होत्या. इथून उचल, इथं थांब, इथं खाली उतर. तो तेवढंच करायचा. बॉडी केसभर सरकली की शाफ्ट काठावर आदळायचा, लाइन बंद पडायची आणि हाक यायची, "ताई, तुमचा गडी अडलाय बघा." मग मी जाऊन जागा पुन्हा शिकवायची. मला फार आवडायचं ते. माझ्यावाचून लाइन हलत नव्हती ना. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी शहाणी होते.

ही मूळची नेसरीची, शिकली पुण्यात. तिनं दुसऱ्या रोबोटच्या मनगटात जोर मोजणारा सेन्सर बसवला. तो रोबोट शाफ्ट हळू खाली न्यायचा, काठाला टेकल्याचं कळलं की छोटे छोटे गोल फिरवत भोक चाचपायचा आणि सापडलं की अलगद आत सोडायचा. अंधारात आपण कुलपाला किल्ली लावतो, तसं. मालक बघत उभे राहिले. "ह्याला हात फुटला की," म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या रोबोटला इतकी वर्षं काय पाय होते?

दिवाळीनंतर नवीन लाइन येणार होती. दसरा झाल्यावर बाहेरगावचं गिऱ्हाईक काम बघायला येणार होतं आणि त्यानंतर लाइन कुणाच्या ताब्यात द्यायची ते मालक ठरवणार होते. मला ती हवी होती. झोपेतसुद्धा हवी होती.

खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं धुऊनपुसून पूजतो. रोबोटच्या पूजेचा मान दरवर्षी माझा. त्या वर्षी मालकांनी ताट तिच्या हातात दिलं. मी आपली हसऱ्या तोंडानं नारळ धरून उभी. तिनं आपल्या रोबोटच्या मनगटाला, सेन्सरच्या खाली, झेंडूची जाडजूड माळ बांधली. दसरा होईपर्यंत आमच्याकडं माळ कुणी काढत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रोबोट चालू केला. चालू होताना मनगटाला जे काही लटकलंय, त्याचं वजन सेन्सर शून्य धरतो; शाफ्टचं वजन तेवढं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते झालं आणि मग झाडलोट करणाऱ्या मावशींनी माळ उतरवली. गिऱ्हाईक आलं. रोबोटनं शाफ्ट उचलला, बॉडीच्या वर आणला आणि हवेतच गोल गोल फिरवायला लागला.

"आरती ओवाळतोय की ह्यो," मागून कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलू, मला आतून गार वाटलं. पण तो असा का फिरतोय ते काही मला उमगेना. तिनं पडद्याकडं एकदा बघितलं, "माळ कुणी काढली?" म्हणाली आणि हसायलाच लागली. माळेचं वजन गेलं होतं, त्यामुळं रोबोटला वाटत होतं की खालून काहीतरी टेकलंय. काठ लागला समजून तो भोक शोधत होता. तिनं शून्य पुन्हा घेतलं आणि शाफ्ट अलगद बसला. चूक तिची, कौतुकही तिचंच.

"बघा पावणं," मालक सांगत होते, "चुकला तरी काय मोडलं न्हाय. पयला गडी असता तर शाफ्ट वाकवून बसला असता." पयला गडी म्हणजे माझा. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मालकांनी तिथंच सांगितलं, नवीन लाइन मॅडमची. "हाताखाली कोण पायजे?" त्यांनी तिला विचारलं. मी मनात म्हटलं, मला सोडून कुणालाही घे बाई.

तिनं माझा हात धरला. "मला ताईच द्या," ती म्हणाली. "यंत्र मला कळतं, पण लाइनवरची माणसं ताईंचं ऐकतात."

एखादी तरी खोट सापडावी म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. सापडली नाही.

"चालंल न्हवं ताई?" मालकांनी विचारलं.

"चालंल की," मी म्हणाले.