दहा सेकंदांची टाकी

फजिती ऐकायचीये माझी? मग आधी चहाचा कप खाली ठेवा, अंगावर सांडेल.

मी चाकणला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मोशीत मामेबहिणीचा साखरपुडा होता. मामा म्हणाले, "साउंडवाला कशाला? आपला भाचा इंजिनिअर हाय की!"

मग काय! मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर चढवला. माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये, तिथून स्पीकरला. फोटोंचा स्लाइड शोही त्याच लॅपटॉपवर.

मामा बोलायला उभे राहिले. "जमलेल्या पाव्... खर्र... न्यांनो... टक्..."

"आरं, माझा घसा बसला का काय?"

"घसा नाही मामा, बफर!"

बफर म्हणजे टाकी समजा. प्रोग्रॅम आवाज ओतत राहतो, स्पीकर तो काढत राहतो. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला की ओतायला उशीर. टाकी रिकामी, आवाज तुटला! शहाण्या माणसाने स्लाइड शो बंद केला असता. टाकी जराशी वाढवली असती. पण जराशी? मी? छे! मी टाकी थेट दहा सेकंदांची केली.

आवाज असा खणखणीत झाला म्हणता! फक्त दहा सेकंद उशिरा.

मामा म्हणाले, "वाजवा टाळ्या!" हॉलमध्ये चिडीचूप. मामांचा चेहरा पडला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील, तळेगावचे व्याही, बोलायला उठले. आणि स्पीकर गरजला, "वाजवा टाळ्या!" कडकडाट झाला हो! व्याही गहिवरले. "आजून तोंड बी उघडलं न्हाई, आन् एवढं प्रेम?"

मामा माईक हातात घेऊनच माझ्याकडे धावले. "काय लावलंय रं हे?"

मी ठणकावून सांगितलं, "मामा, मशीन चोख आहे, तुमचाच आवाज फाटका! आणि व्याह्यांना माईक देऊ नका, सोडायचे नाहीत. जेवण गार होईल!"

बोललो आणि दिसलं, माईक चालूच! झटकन बटण दाबलं.

"बंद झाला का?" मामा घाबरून म्हणाले.

"कधीच!" मी निवांत हसलो. वेळेवर सावध झालो, म्हणून स्वतःची पाठ थोपटणार, तोच आठवलं. माईक बंद झाला, पण टाकी? टाकी तर भरलेली!

पुढचं काय सांगायचं? "मामा, मशीन चोख आहे" पासून "गार होईल" पर्यंत अख्ख्या हॉलने ऐकलं. पार मागच्या खुर्चीपर्यंत.

सगळ्यांच्या नजरा व्याह्यांवर. ते शांतपणे खाली बसले आणि मामांना म्हणाले, "चला पाव्हणं, जेवूनच घेऊ. भाच्याचं मशीन मात्र झकास हाय बरं का! एक अक्षर तुटलं न्हाई!"