एका रेघेची भिंत

ज्योतीराम रंगाऱ्याला रिकामी जागा बघवत नसे. पाहुण्याच्या ताटात मोकळी जागा दिसली की घरच्या बाईची जी घालमेल होते, तीच याची पाटीवर दोन बोटं जागा उरली की व्हायची. पिंपरीच्या माळावर औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, त्या वेळची, म्हणजे चौपन्न-पंचावन्न सालातली ही गोष्ट. कारखान्यामागं माणसं आली, माणसांमागं दुकानं आली, आणि दुकानाला पाटी लागते म्हणून हा बायकोला घेऊन भूमहून चिंचवडला आला. गोजाबाईंच्या घरात एक खोली घेऊन राहिला.

एका पिठाच्या गिरणीची पाटी त्यानं अशी रंगवली होती की तीत गव्हाची ओंबी होती, शेतकरी होता, शेतकऱ्याची गाय होती आणि गाईचं वासरू होतं. गिरणीवाल्याचं नाव वासराच्या पोटाखाली होतं. ते वाकून वाचावं लागे. गिरणीवाला कुरकुरला, तर यानं समजूत म्हणून कोपऱ्यात एक मोर काढून दिला. घरी येऊन त्यानं असलं काही सांगितलं की बायको, शालन, हसून हसून बेजार व्हायची. पुढच्या वेळी नाव विसरलात तरी चालंल, वासराला आई पायजे, म्हणायची.

त्या हसण्यातच एकदा खोकला आला आणि तो राहीना. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी क्षय म्हणून सांगितलं. माळावर एवढा औषधाचा कारखाना, तिथली एक बाटली आणली की झालं, असं गोजाबाईंचं म्हणणं. तिथलं औषध या दुखण्याला चालत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं. क्षयाची वेगळी सुई सुरू झाली. सहा महिने अंथरुणातून उठायचं नाही, मन शांत ठेवायचं आणि झोप पुष्कळ घ्यायची, एवढं पथ्य सांगितलं.

मन शांत ठेवायचं, हे ज्योतीरामनं आपल्या अंगावर घेतलं. पाट्यांची कामं बाजूला सारून त्यानं आठ दिवस खाटेसमोरची भिंत रंगवली. तिचं माहेरच काढलं. नदी, नदीवर देऊळ, देवळाजवळ आंबा, आंब्यावर अकरा पोपट, आणि पाणवठ्यावरून घागर घेऊन येणारी तिची आई. गोजाबाई आळीतल्या बायकांना बोलावून भिंत दाखवत होत्या. शालन सगळ्यांना, छान हाय, म्हणाली.

दुपार कलली की ताप चढायचा, आणि ताप चढला की पोपट उडायला लागायचे. आई घागर घेऊन निघायची, आणि कितीही चालली तरी पोचायची नाही. चार दिवस शालननं हे कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, ते पोपट तेवढे उडवून लावा की."

त्याला ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून त्यानं पोपट पुसले आणि तिथं ढग काढले. ढग चालू लागले. ढग पुसून त्यानं फुलं काढली. तिची झोप पार गेली. हाताच्या काड्या झाल्या. ती डोळे मिटून भिंतीकडे पाठ करायची, पण त्या कुशीवर खोकला जास्त यायचा.

"मी निजले तर भिंतीलाबी निजू द्या," ती एकदा म्हणाली.

चुन्याची बादली घेऊन तो सगळी भिंत पुसायला निघाला, तर गोजाबाई दारात उभ्या. सुतक फिटल्यावर घराला कोरा चुना देतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या कोऱ्या चुन्यालाच तो भीत होता, म्हणून तर एक पुसून दुसरं काढत होता.

"बाई जित्ती हाय अजून," गोजाबाई म्हणाल्या. "आत्ताच भिंत कोरी करतूस व्हय?"

अगदी कोरा नको म्हणून ज्योतीरामनं बादलीशी बसून चुन्यात किंचित नीळ कालवली. मग उठला आणि त्यानं नदीवरून चुना फिरवला, देवळावरून फिरवला, सासूबाईंवरून फिरवताना त्याचा हात थोडा थांबला. दुसऱ्या दिवशी भिंत वाळल्यावर मात्र त्याला राहवेना. अक्षरं काढण्याआधी रंगारी रेघ आखतो, तशी त्यानं कावेत बुडवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणली आणि मधे धरून सोडली. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तांबूस रेघ उठली. त्या रेघेवर काहीतरी लहानसं, निदान एक वेल, काढावा म्हणून त्यानं कुंचला घेतला.

"हे काय काढलंत?" शालननं विचारलं.

"काही नाही. अजून काढायचंय."

"मग नका काढू."

त्यानं कुंचला खाली ठेवला. त्या दुपारी ती दोन तास झोपली. पुढं रोज झोपू लागली. जागी असली की रेघेकडे बघत पडायची. रेघ कुठं जात नाही, म्हणायची. ज्योतीराम येणाऱ्याजाणाऱ्याला खालच्या आवाजात सांगायचा की झोप लागतेय, म्हणजे उतार पडला. डॉक्टर नाडी बघायचे आणि पिशवी आवरायचे.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तो काम करून आला, तर ती रेघेकडे तोंड करून निजलेली. त्यानं चपला हातात घेतल्या, दार लोटलं आणि ओट्यावर बसला. आळीत कोणी कुत्रं हाकललं तरी तोंडावर बोट ठेवायचा. दिवे लागले. गोजाबाई पेज घेऊन आल्या, आत गेल्या आणि त्यांनी शालनला हलवून मोठ्यांदा हाका मारल्या.

"हळू," ज्योतीराम बाहेरून म्हणाला. "आत्ता कुठं डोळा लागलाय."