दुपारच्या भाकऱ्या

सात रस्ता चौकाजवळ एक पंचविशीतली पोरगी ज्वारीच्या कडक भाकऱ्या विकते. तिला लहानपणापासून सांधेवात आहे. सकाळी तिची बोटं उघडत नाहीत. ती गरम पाण्यात हात धरून बसते आणि दुपारी थापायला घेते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण घरात भाकरी तिचीच लागते.

परवा मी बाजाराची जड पिशवी घेऊन तिच्या दुकानात असताना एक खानावळवाला आला. त्याला रोज सकाळी मऊ, ताज्या भाकऱ्या हव्या होत्या. असं कायमचं गिऱ्हाईक सोडायची तिची ऐपत नाही, हे दुकान बघूनच कळतं.

"सकाळी जमायचं न्हाय," ती म्हणाली. "कडक न्या की. लई दिवस टिकत्यात, म्हणून तर त्याच करते. हात बंद पडले तरी धंदा चालू."

"औषध घे. बरी झालीस की थाप सकाळी."

"घेते की. पण ह्यो आजार जाणार न्हाय, दादा. तो जायची वाट बघत बसले तर जगू कवा?"

त्यानं एक कडक भाकरी मोडून बघितली. मग म्हणाला, "बरं, कडकच दे."

"वरचा डबा तुमीच काढा. आज खांदा वर जात न्हाय."

तांब्याभर पाणी मागावं तसं तिनं हे सांगितलं. आवाज जरासुद्धा खाली आला नाही. त्यानं डबा काढला.

माझे गुडघे किती वर्षं दुखतात, हे मी घरात कुणाला कळू देत नाही. निघताना मी खानावळवाल्याला म्हटलं, "बाबा, ही पिशवी रिक्षापर्यंत घे की. मला झेपत न्हाय."