बाबांचा फोन रेंजमध्ये येईपर्यंत

वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या बाजारात, सरिता दहिवलेचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन एवढंच लिहिलंय, पण लोक तिच्याकडे आणखी एका कामासाठी येतात. घरातलं माणूस गेलं की लग्नातल्या कुठल्यातरी गर्दीच्या फोटोतून त्याचा चेहरा काढायचा, मोठा करायचा आणि हार घालण्याजोगा करून द्यायचा. अकरा वर्षांत तिने असे कितीतरी चेहरे काढून दिले. बहुतेक वेळा लोक हळहळत यायचे. चांगला फोटो होता, पण मोबाइल फुटला. कार्ड फॉरमॅट झालं. म्हणून तिने स्वतःपुरती शिस्त लावून घेतली होती. कुठलाही फोटो दोन ठिकाणी, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर.

तिचे वडील श्रीहरी वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर एकतीस वर्षं कामाला होते. पट्ट्यावरून सांडलेला कोळसा ओढायचा आणि पट्टा मोकळा ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सरिताची आई गेली. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा भाजी आणायला म्हणून निघाले आणि तीन तासांनी पार लांब, तुकूम भागातल्या एका पानठेल्यावर बसलेले सापडले. घरचा रस्ता आठवत नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक उपायही सांगितला. दिवसभर जे दिसेल त्याचा फोटो काढू द्या, आणि संध्याकाळी तेच फोटो दाखवून विचारत जा.

सरिताने त्यांना आपला जुना फोन दिला. बाबा फोटो काढू लागले. चिमणीचा धूर, शेजाऱ्याच्या चपला, कंपनीच्या बसचं चाक, काहीही. संध्याकाळी ती विचारायची, "हे काय हाय बाबा?" कधी उत्तर बरोबर यायचं. कधी ते नुसते तिच्या तोंडाकडे पाहायचे. फोनची रिंग वाजली की ते दचकून तो खाली टाकायचे, म्हणून तिने आवाज बंद केला. बॅटरी जुनी होती, म्हणून लोकेशनही बंद ठेवलं. हे दोन्ही तिनेच केलं होतं.

मार्चमध्ये बाबांनी एकाएकी दोन नद्यांच्या संगमाजवळच्या सिरोंचा गावाचं नाव काढलं. लग्नाआधी ते जमीन मोजणीवाल्यांच्या हाताखाली एक हंगाम तिथे राहिले होते. "तिथी दोन रंगाचं पाणी हाय सरे. एक गढूळ, एक साफ. मले पाह्याचं हाय." सरिताने अकरा वर्षांत एकही सुट्टी घेतली नव्हती. तिने चार दिवस दुकान बंद ठेवलं आणि आलापल्लीवरून जाणारी बस धरली.

दुसऱ्या दिवशी अयूब नावाच्या ऑटोवाल्याने त्यांना नदी दाखवून आणली. पन्नाशीचा हा माणूस घरी उर्दू बोलायचा, गिऱ्हाइकांशी तेलुगू आणि सरिताशी मराठी. बाबांनी त्या एका दिवसात तीनशेवर फोटो काढले आणि संध्याकाळी फोनची मेमरी भरली. बटण दाबूनही फोटो निघेना, तेव्हा ते लहान मुलासारखे चिडले. "बंद पाडला काऊन माझा?" सरिताने पेनड्राइव्ह लावला, तर तोही चालेना. लॉजवर वायफाय नव्हतं. शेवटी तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. बाबांच्या फोनमधले फोटो आपोआप आपल्या खात्यावर चढतील असा बॅकअप चालू केला, तोही मोबाइल डेटावर. सगळे फोटो चढल्यावर तिने फोन मोकळा करून दिला. आता बाबा काढतील तो फोटो थोड्या वेळाने तिच्याही फोनमध्ये दिसणार होता. हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला फक्त फोटो जाऊ द्यायचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती बाजारातल्या औषधाच्या दुकानात शिरली. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. समोरच्या रसवंतीच्या बाकावर तिने त्यांना बसवलं होतं. "इथीच बसा बाबा, मी आलीच." दुकानात तिघं जण पुढे होते. ती गोळ्या घेऊन बाहेर आली तेव्हा बाकावर दुसरीच माणसं रस पीत बसली होती.

तिने फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही. बाजाराचा दिवस होता. माठवाले, सुकी मासळी, कपड्यांचे ढीग. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली आणि परत आली. पुन्हा फोन लावला, तर आवाज आला की संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

स्टँडवर अयूब भेटला. त्याने तिला ऑटोत बसवून थेट पोलिसांकडे नेलं. हवालदार भला माणूस होता. फोनवरून ठावठिकाणा काढता येतो, पण त्यासाठी वर कळवावं लागतं, वेळ लागेल, असं त्याने सरळ सांगितलं. "आजचे कपडे कोणते? एखादा फोटो हाय काय?"

सकाळी लॉजच्या दारात तिने बाबांचा फोटो काढला होता. पांढरा सदरा, राखाडी पँट. तो दाखवायला तिने फोन उघडला आणि थांबली. त्या फोटोच्या वर तीन फोटो होते. ते तिने काढलेले नव्हते.

पहिला रसवंतीच्या चरकाचा. दुसऱ्यात एका शेळीचा कान. तिसऱ्यात निळी भिंत, तिच्यावर पांढरी तेलुगू अक्षरं. फोटो कधी काढला ते खाली लिहिलेलं होतं. दहा वाजून एकतीस मिनिटं.

"भाऊ, हे बाबांनं काढले हायेत," ती म्हणाली. "त्यायच्या फोनमधून आले."

अयूबने वाकून पाहिलं. "ही खताच्या गोदामाची भिंत हाय बाई. नदीच्या रस्त्यावरची. चला."

गोदामासमोरच्या टपरीवाल्याने म्हातारं माणूस पाहिलं होतं. हातात फोन धरून नदीकडे गेलं म्हणाला. ते काठावर पोचले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मार्चमधली नदी. मधोमध वाळूची मोठमोठी बेटं, त्यांच्यामधून पाण्याच्या धारा. बहुतेक धारा गुडघाभर, पण एक काठालगतची खोल. डोंगे चालवणाऱ्या नावाड्यांनी सांगितलं की त्या धारेत डोकं बुडतं. वाळूवर नजर ठरत नव्हती इतकं ऊन होतं. बाबांनी सकाळी चहासोबत फक्त दोन बिस्किटं खाल्ली होती. सोबत पाण्याची बाटली नव्हती.

सरिता काठाने वर गेली, खाली गेली, हाका मारल्या. नवा फोटो येत नव्हता. तिच्याच फोनची बॅटरी एकतीस टक्क्यांवर आली, तेव्हा अयूबने तो ऑटोतल्या चार्जरला लावला. ती ऑटोत बसून पडद्याकडे बघत राहिली. बारा वाजले, साडेबारा, एक. हवालदार दोन माणसं घेऊन येऊन गेला.

पावणेदोनच्या सुमारास एकदम तीन फोटो चढले.

एका फोटोत वाळू आणि तिच्यावर पावलांचे ठसे. दुसऱ्यात बाबांचे स्वतःचे पाय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात. तिसऱ्यात नुसतं पाणी. तिरकं, चमकणारं, कुठेही काठ नसलेलं. काढल्याची वेळ होती बारा वाजून सात मिनिटं.

तिने लगेच फोन लावला. रिंग जात होती. आठ, नऊ, दहा. मग बंद झाली. पुन्हा लावला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

"फोटो बारा वाजताचे हायेत, पण आले आत्ता," ती अयूबला म्हणाली. मोठ्याने बोललं तरच विचार जुळत होता. "म्हणजे फोनले आत्ता रेंज भेटली. पाण्यात पडलेला फोन फोटो पाठवते काय? नाई पाठवत."

"फोन काठावर ठिवला असन तर?" अयूब बोलून गेला. बोलल्यावर त्याने तोंड फिरवलं.

पाण्याचा तो फोटो पाहिल्यावर डोंगेवाल्यांनी आपसात तेलुगूत काहीतरी ठरवलं. दोघांनी डोंगा खोल धारेत नेला आणि लांब बांबू तळापर्यंत घालून चाचपायला सुरुवात केली. बांबू आत जायचा, थांबायचा, वर यायचा. जरा पुढे पुन्हा आत जायचा. सरिताने एवढ्या माणसांचे चेहरे मोठे करून दिले होते. सकाळचा लॉजच्या दारातला फोटो तिला आठवला. सरळ, स्वच्छ, अंगावर चांगला उजेड. अगदी हार घालण्याजोगा. हा विचार आल्याची तिला एवढी किळस आली की ती ऑटोतून उतरून चिंचेच्या झाडामागे जाऊन ओकली.

तीन वाजून वीस मिनिटांनी आणखी एक फोटो चढला.

सगळा पडदा लाल झाला होता. मिरच्या. वाळत घातलेल्या मिरच्यांचा लांबच लांब थर, त्याच्यावर लाकडी दाताळ्याचे दात, कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा एक हात. तिने आधी वेळ पाहिली. एक वाजून अडतीस. परत पाहिली. पाण्याच्या फोटोनंतर दीड तासाने काढलेला फोटो होता.

"अयूबभाऊ, त्यायले थांबवा! बांबू थांबवा!"

पण जागा कोणती? नदीच्या दोन्ही अंगांना मिरची होती, आणि सगळी खळी सारखीच दिसतात असं अयूब म्हणत होता. सरिताने फोटो मोठा केला. दुकानात रोज करायची तेच. कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकडा तुकडा पाहत गेली. निळी ताडपत्री. एक माठ. वरच्या कडेला, अर्धवट कापला गेलेला, विजेचा खांब. तो कमरेतून वाकलेला होता.

अयूबने तो पाहिला मात्र, तो ओरडलाच. "हा पुरात वाकलेला खांब! पलीकडच्या अंगाले हाय. पोचक्काचं खळं!"

डोंगा त्याच धारेवरून त्यांना घेऊन गेला. पलीकडे अर्धा कोस वाळू. सरिताच्या सँडलचा पट्टा तुटला, तशी ती अनवाणी पळाली. तळपाय भाजत होते. आता चार वाजत आले होते. फोटो दीडचा. तेवढ्या वेळात तिथून माणूस कुठेही जाऊ शकतो, हेच तिच्या डोक्यात चाललं होतं. खोकला सुरू झाला, नाकात तिखट गेलं, तेव्हा कळलं की खळं आलं.

बाबा खळ्याच्या मधोमध उभे होते. डोक्याला कुणाचा तरी पंचा बांधलेला. दोन्ही हातांत दाताळं. ते मिरची ओढत होते, पालटत होते, पुन्हा सारखी करत होते. बाजूला चाळीस-पंचेचाळीसची एक बाई मिरच्या निवडत बसली होती. तीच पोचक्का.

"बाबा!"

त्यांनी मान वर केली. ओळख नव्हती. "बाजूले हो बाई," ते म्हणाले. "पट्टा चालू हाय. हात जाईन."

सरिता जागीच थांबली. पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं वाटत होतं, पण त्यांचे डोळे भेदरलेले होते. हात धरला तर ते पळतील, आणि मागे नदी होती. तिने श्वास घेतला, डोळे पुसले, आणि लहानपणी क्वार्टरच्या दारात बाबांचे सोबती बोलायचे तशा आवाजात म्हणाली, "श्रीहरीभाऊ, शिफ्ट संपली. रिलीव्हर आला."

पुढच्या पाळीचा माणूस म्हणून तिने अयूबला खूण केली. त्याला पट्टा, शिफ्ट काही माहीत नव्हतं, पण तो पुढे झाला आणि हात पुढे केला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उशीर केला तू," ते म्हणाले, आणि दाताळं त्याच्या हातात दिलं.

पोचक्काने माठातलं पाणी दिलं. ती भराभर तेलुगूत बोलत होती. अयूबने सांगितलं ते असं. म्हातारा दुपारी नदीकडून आला, छातीपर्यंत ओला. एक हात वर धरलेला, त्यात फोन. काय म्हणतो कळेना. तिने भात आणि मिरचीचा ठेचा दिला, तो जेवला, आणि न सांगता कामाला लागला. फोन थरथरला की कुणीतरी बोलवतंय असं तिला वाटायचं, पण तो कसा उचलायचा हे तिला माहीत नव्हतं. "तात मंचोडु," ती शेवटी म्हणाली. म्हातारा चांगला माणूस आहे.

परतीच्या डोंग्यात बाबांनी सरिताकडे पाहिलं. "सरे, जेवली काय तू?" "नाई बाबा," ती म्हणाली.

खोल धार त्यांनी कशी ओलांडली, कुणी पाहिलं नाही. बारा वाजून सात ते एक अडतीस, त्या दीड तासाचा एकही फोटो नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, पाणी साफ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने ते निघाले. निघण्याआधी सरिताने लोकेशन चालू केलं आणि बाबांच्या सदऱ्याच्या आत नाव-नंबर शिवला. अयूब सोडायला आला होता. त्याने भाड्याचं नाव काढू दिलं नाही. बसमध्ये ती शांत होती. आलापल्लीच्या अलीकडे सागाच्या जंगलात बाबा म्हणाले, मले खिडकीजवळ बसाचं हाय. एवढंच. सरिताने उठून त्यांना खिडकीची जागा दिली आणि भर बसमध्ये ओरडली.

"काऊन उठले तुमी बाकावरून? मी सांगतलं होतं नं, इथीच बसा! मेले असते तर? मी काय केलं असतं?"

कंडक्टर वळून पाहू लागला. बाबा घाबरले नाहीत. ते उठले, तिला आत सरकायला लावलं आणि खिडकीजवळची जागा तिला दिली. काचेला डोकं टेकून ती झोपली, ती मूल गावचा बसस्टँड येईपर्यंत.