कुरडयांची यादी

सकाळी न्हाणीतल्या पातेल्यावरचं ताट उचललं आणि तोंड फिरवलं. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास आवडतो असं कुणी म्हणालं, तर त्याने कधी कुरडया केल्या नाहीत असं खुशाल समजावं. आंबट, चिकट, नाकातून घशात उतरून बसणारा वास. कोपरापर्यंत हात घालून ते गहू चोळायचे, पाणी बदलायचं, आणि दिवसभर घास तोंडाशी नेताना थबकायचं. पण गव्हाची किळस साबणाने जाते. त्या वासाबरोबर वर आलेली दुसरी किळस मात्र आज दुपारपर्यंत गेली नाही.

शिरूरच्या आमच्या या गल्लीत पूर्वी कुरडया कुणी एकटीने करत नसे. सात घरं, सात वार. ज्या घरचा वार तिथे पहाटे सगळ्याजणी जमायच्या. कुणी सोऱ्या फिरवायची, कुणी गच्चीवर जुनी धोतरं अंथरायची. यादी माझ्याकडे असे: कुणाचे गहू कधी भिजवायचे, मोठं पातेलं कुणाकडून कुणाकडे जायचं, सगळं. चीक शिजवायच्या कामापुढे मात्र सातही दिवस एकच नाव, समोरच्या भाभींचं. त्यांच्या सासऱ्यांचं घर आमच्या घराच्या कितीतरी आधीचं. गल्लीतली पहिली ईद त्यांच्या ओट्यावर झाली असेल. उकळत्या पाण्यात एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने न थांबता घोटायचं. हात जरा अडला की गुठळ्या. भाभींचा हात कधी अडला नाही, आणि तोंडही. "अगं, वहीत काय बघतीस? पातेल्यात बघ!" हे मला दरवर्षी ऐकावं लागायचं.

मग एका वर्षी कुठेतरी दूर युद्ध पेटलं. टीव्हीवर कोसळणाऱ्या इमारती, मग फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात, मग पुन्हा इमारती. कारेगावच्या कारखान्यातून आले की आमचे हे ताट मांडीवर घेऊन समोर बसायचे. "भडकणार बघ हे आता," असं म्हणून रश्शाचा भुरका. पडद्यावर कुणाचं तरी मूल चादरीत गुंडाळून नेत असायचे आणि घरात तो भुरका! तरी मी उठून टीव्ही बंद केला नाही. पुढच्या महिन्याच्या किराण्यात तेलाच्या दोन पिशव्या जास्त लिहिल्या, एवढंच. गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर पूर्वी लोणच्याची प्रमाणं आणि शाळेच्या सुट्ट्या येत. आता तिथे सकाळ-संध्याकाळ भाभींच्या धर्माच्या लोकांबद्दलची घाण वाहत होती. भाभींकडे साधा फोन, त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. मी ते निरोप वाचायचे आणि पुसायचे, केर काढल्यासारखे. तेवढ्याने आपलं अंगण स्वच्छ राहतं असं मला वाटे.

वार ठरवायला आमच्या ओट्यावर जमलो तेव्हा कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "औंदा त्या समोरच्यांना नको."

"का वो?"

"का म्हंजी? बातम्या बघता का न्हाई? तिकडं काय चाललंय!"

"तिकडं चाललंय ना? भाभी तर हितं हायत," शेजारची म्हणाली. "आन् चीक कोण घोटणार? तुमच्या दंडात हाय का तेवढा जोर?"

सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. "लई पुळका असंल तर बसा त्यांच्याकडंच. मी न्हाई यायची."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पेन माझ्या हातात होतं. वाद नको, कामं खोळंबायला नकोत, पुढच्या वर्षी बघू, असा सगळा व्यवहारी विचार करून सुवाच्य अक्षरात सहा वार लिहिले आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

पहिला वार माझाच. अर्ध्या तासात पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या. आमचा गोंधळ समोर ऐकू गेला असणार. भाभी पदर खोचतच आत आल्या. "मला हाक न्हाई मारायची व्हय? सरक." दांडा घेतला आणि घोटू लागल्या. चीक काचेसारखा झाला तेव्हा त्यांनी घाम पुसला आणि मला विचारलं, "माझा वार कवाचा गं? गहू भिजाया घालते."

"अजून ठरलं नाही, भाभी."

फ्रिज त्यांच्या समोरच होता. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मी दूध-साखर घातलेली चिकाची वाटी पुढे केली. त्यांनी ती ओट्यावर ठेवली. "जाळ बारीक कर. बुडाला लागंल," म्हणाल्या आणि गेल्या.

वर्षभरात ते कुटुंब दौंडला लेकीजवळ राहायला गेलं. वार मोडले. आता गल्लीत सगळ्या पाकिटातल्या कुरडया तळतात. वहिनींचे निरोप अजून येतात, फक्त युद्ध दुसरं असतं.

आज गहू वाटायच्या आधी मी दौंडला फोन लावला. माफीचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. आवाज ऐकला आणि विचारलं काय, तर, "भाभी, चिकाला पाणी किती घ्यायचं?"

"जेवढ्यास तेवढं. तुला ठावं हाय की." मग थांबून, "किती जणी हायत?"

"मी एकटीच."

पलीकडे रेल्वेचा भोंगा वाजला.

"मग थोडा थोडा शिजव," भाभी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

फ्रिजवरचा तो कागद मी त्याच दिवशी फाडला होता. पण सहाव्या नावाखाली, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे त्यांची नजर क्षणभर थांबली होती. वर्षं गेली, टीव्हीवरचे नकाशे बदलले, ती मोकळी जागा तेवढी माझ्या डोळ्यांपुढे आहे तशी आहे. माफीचं वाक्य मी वहीत ठेवलं. पुढचा फोन त्या घेतील की नाही, ते माझ्या हातात नाही. दौंडची एसटी मात्र रोज सुटते.